'संशोधनातून सिद्ध' छापण्याआधी एवढं विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात, म्हणजे खरं तर सगळ्याच पेपरांत, आजकाल सारखं "संशोधनातून सिद्ध झालं" असं वाक्य वाचायला मिळतं, कधी अमुक काढ्याने झोप सुधारते, कधी अमुक पद्धतीने शिकवलं की मुलांचे गणिताचे मार्क वाढतात, कधी ध्यानाने बीपी उतरतं, आणि बातमीच्या शेवटी हमखास एक ओळ असते की हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय आहे. वाचणाऱ्याला वाटतं झालं, विषय संपला, आता यावर शंका घेणारे आपण कोण. मी पुण्यात बरीच वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि आता एमएड, एमबीए, पीएचडी, आयुर्वेदाचं एमडी करणाऱ्या मुलामुलींना प्रबंधातल्या आकडेवारीत मदत करते, त्यामुळे ती शेवटची ओळ कशी तयार होते ते मला फार जवळून दिसतं. आकडे हातात येण्याआधी काय काय ठरवलं होतं हे माहीत नसेल तर चाचणीचा निकाल वाचताच येत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट बातमीत कधीच नसते, बऱ्याचदा तर प्रबंधातही नसते, म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, जागेअभावी कापावं लागलं तर ज्योतिषाच्या चाचणीचा भाग तेवढा ठेवा, कारण ती चाचणी पुण्यातली आहे आणि पुण्यातच फार कमी लोकांना नीट माहीत आहे.

तर ती चाचणी. २००८ मध्ये जयंत नारळीकर, विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंनिसचे नरेंद्र दाभोलकर आणि आधी स्वतः ज्योतिष बघणारे पण पुढे त्याची चिकित्सा करणारे प्रकाश घाटपांडे अशा चौघांनी ती केली. शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी १०० मुलं आणि बौद्धिक अपंगत्व असलेली १०० मुलं, अशा २०० मुलांच्या जन्मवेळा वगैरे गोळा करून कुंडल्या तयार केल्या आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं की प्रत्येकाला ४० कुंडल्या देतो, नुसती कुंडली बघून सांगा की मूल कुठल्या गटातलं. ५१ जणांनी तयारी दाखवली, त्यातल्या २७ जणांनी उत्तरं पाठवली.

आता यात आधी काय काय ठरलं होतं ते बघा. प्रश्न ठरला होता. उत्तर दोनच प्रकारचं असणार हे ठरलं होतं, त्यामुळे नंतर "तसं नाही हो, आम्हाला असं म्हणायचं होतं" याला जागाच नव्हती. कुंडलीवरून काहीच कळत नसेल, म्हणजे नाणं उडवून उत्तर दिल्यासारखं असेल, तर ४० पैकी साधारण २० बरोबर येतील, ही सुरुवातीची धारणा ठरली होती, आमच्या विषयात हिलाच शून्य परिकल्पना म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकट्या ज्योतिषाचे किती बरोबर आले की त्याला काहीतरी कळतंय असं मानायचं तेही ठरलं होतं, २८. नाणं ४० वेळा उडवून २८ किंवा जास्त छापे पडायची शक्यता हजारात आठच्या आसपास असते, म्हणजे एक टक्क्याच्याही आत, तेव्हा कुणी तिथवर पोचलं असतं तर त्याला नुसतं नशीब म्हणणं अवघड गेलं असतं. निकाल काय लागला, तर सगळ्यात जास्त बरोबर आले २४, सगळ्यांची सरासरी २० च्याही खाली, २८ ला कोणीच पोचलं नाही. २००९ मध्ये हे सगळं 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

समजा तो २८ चा आकडा आधी ठरलाच नसता. मग २४ वाल्याची बातमी काय झाली असती? "पुण्यातल्या ज्योतिषाची भाकितं ६० टक्के अचूक." आणि ती खोटीही नसती, ४० पैकी २४ म्हणजे ६० टक्केच. पण नाणं उडवून २४ किंवा जास्त यायची शक्यता शंभरात तेरा आहे, हे एका माणसाचं झालं, आणि अशी २७ माणसं बसवली तर त्यातल्या किमान एकाला नुसत्या नशिबाने २४ किंवा जास्त पडण्याची शक्यता ९८ टक्के होते. म्हणजे कोणालाच काही कळत नसतं तरी एक ६० टक्केवाला निघणारच होता, तो निघाला. आकडा तोच, माणूस तोच, फक्त आधी काय ठरलं होतं आणि किती जणांमधून तो वर आला हे सांगितलं की अर्थ पूर्ण बदलतो. (या चाचणीने सगळं ज्योतिष खोटं ठरवलं असंही म्हणता येणार नाही, तिने एक ठरावीक दावा तपासला आणि त्या दाव्याला आधार मिळाला नाही. एवढंच म्हणायचं, पण तेवढं ठामपणे म्हणायचं.)

मी जी शक्यता म्हणाले ना, शंभरात तेरा, हजारात आठ, तीच ती पी व्हॅल्यू. काहीच घडत नाहीये असं धरून चाललं तर आपल्याला आलेत तसे किंवा त्याहूनही टोकाचे आकडे किती वेळा येतील, एवढंच ती सांगते. पण माझ्याकडे येणाऱ्या दहातले आठ विद्यार्थी, आणि वाईट वाटतं म्हणायला पण त्यांचे गाईडही, पी ०.०३ आली म्हणजे आपलं म्हणणं खरं असण्याची शक्यता ९७ टक्के असं समजतात. हे अजिबात तसं नाही. पी व्हॅल्यू काढतानाच आपण काहीच घडत नाहीये हे गृहीत धरलेलं असतं, मग त्याच हिशोबातून ते गृहीतक किती खरं आहे याची टक्केवारी कशी काय निघेल? अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये यावर जाहीर निवेदन काढावं लागलं, त्यात हेच स्वच्छ लिहिलंय, की पी व्हॅल्यू परिकल्पना खरी असण्याची शक्यता सांगत नाही, परिणाम केवढा मोठा आहे किंवा किती महत्त्वाचा आहे तेही सांगत नाही, आणि नुसती ती ठरावीक रेषेच्या खाली आली का एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

ती रेषा म्हणजे ०.०५. ती काही निसर्गाने आखून दिलेली नाही. रोनाल्ड फिशर नावाच्या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या पुस्तकात वीसात एक ही मर्यादा सोयीची आहे असं लिहिलं आणि ती चिकटली ती चिकटलीच. पण त्याच फिशरने १९३५ मध्ये चहाचं जे उदाहरण दिलं ते लोक विसरतात. एक बाई म्हणतात की कपात आधी दूध घातलं की आधी चहा हे मला चवीवरून कळतं. फिशर म्हणतो आठ कप करा, चार असे चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि बाईंना आधी दूधवाले चार कप ओळखायला सांगा. आठातून चार निवडायचे ७० प्रकार, त्यातला एकच पूर्ण बरोबर, म्हणजे नशिबाने सगळं बरोबर यायची शक्यता ७० त १, दीड टक्क्याच्या आत. चारपैकी निदान तीन बरोबर यायची शक्यता मात्र ७० त १७, जवळजवळ २४ टक्के, म्हणजे तिनावर समाधान मानायचं नाही, चारही बरोबर आले तरच मानायचं. हा सगळा हिशोब पहिला कप भरायच्या आधी करता येतो. ७० कुठून आले तर चिठ्ठ्या टाकल्यामुळे आले, चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर १७ ला आणि ७० ला काही अर्थच उरला नसता.

आता आपल्याकडे काय होतं ते सांगते, कुणा एकाचं नाही, वर्षानुवर्षं बघितलेलं मिळून एक उदाहरण करते. शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी आहे, कृतियुक्त अध्यापनाने विज्ञानात फरक पडतो का असा विषय. एका शाळेतली अ तुकडी घेतली, ब तुकडी घेतली, अ ला नव्या पद्धतीने शिकवलं, ब ला नेहमीच्या. ३०-३० मुलं. शेवटी ५० मार्कांची परीक्षा, अ तुकडीची सरासरी ४.६ मार्कांनी जास्त, टी व्हॅल्यू (फरक नुसत्या योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा) १.८ च्या आसपास. पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात बघितलं तर पी ०.०५ च्या खाली जायला लागते २.००, आणि मग फोन येतो, मॅडम थोडक्यात राहिलंय, काही करता येईल का. पोरीचा यात काय दोष, तिला सांगितलेलंच असं असतं की टी आली नाही तर व्हायवाला त्रास होईल. आणि करता येण्यासारखं खूप असतं हो, तीच तर अडचण आहे. दोन बाजूंची चाचणी (फरक कुठल्याही दिशेचा चालेल अशी) होती ती एका बाजूची (नवी पद्धत सरस आहे का एवढंच बघणारी) करा, तक्त्यातला आकडा २.०० वरून १.६७ होतो आणि पी ०.०८ ची ०.०४ होते. गैरहजेरी जास्त असलेली तीन मुलं काढा. पूर्वचाचणी वजा करून वाढ मोजा. मुली वेगळ्या मुलं वेगळी करा, कुठल्यातरी एका गटात येईलच. यातली एकेक गोष्ट घेतली तर त्यात चूक काहीच नाही, एका बाजूची चाचणी योग्य असू शकते, गैरहजर मुलं वगळणं तर कधीकधी गरजेचंच असतं, पण हे सगळं आकडे बघायच्या आधी कागदावर असायला हवं होतं. आकडे बघून जे सोयीचं पडेल ते निवडणं म्हणजे पेपर लिहून झाल्यावर ज्या प्रश्नांची उत्तरं आली तेवढेच प्रश्न परीक्षेला होते असं म्हणणं. त्या ०.०४ ला मग ०.०४ म्हणताच येत नाही, कारण दुसरे पाच रस्ते बंद निघाले असते तर सहावा शोधला असता, आणि त्या न दाखवलेल्या रस्त्यांचा हिशोब त्यात धरलेलाच नाही.

आणि अ तुकडी ब तुकडी हा तर वेगळाच प्रश्न, त्यावर कोणी बोलतच नाही. तुकड्या चिठ्ठ्या टाकून झालेल्या असतात का? बऱ्याच शाळांत मागच्या वर्षीच्या मार्कांवरून करतात. दोन तुकड्यांना शिकवणारे वेगळे, एकीचा विज्ञानाचा तास सकाळी तर दुसरीचा शेवटचा. मग जो फरक दिसला तो पद्धतीचा, शिक्षकाचा, का मुळात मुलांचाच, हे टी टेस्ट सांगू शकत नाही, तिला फक्त दोन रकाने दिसतात. सॉफ्टवेअर कितीही भारी घ्या, गट कसे पाडले याचं उत्तर त्यातून येणार नाही.

प्रश्नावलीचं तर याहून अवघड. एमबीएच्या प्रोजेक्टमध्ये २० विधानं असतात, प्रत्येकावर पुरुष-स्त्री, नोकरी-धंदा अशी काय-स्क्वेअर नावाची चाचणी (दोन गटांची उत्तरं वेगळी आहेत का ते बघणारी) लावतात आणि जिथे ०.०५ च्या खाली आलं तिथे तारा मारून त्याचाच निष्कर्ष काढतात. कशातच काही फरक नसला आणि विधानं एकमेकांशी निगडित नसली तर २० चाचण्यांमध्ये निदान एक तारा मिळायची शक्यता ६४ टक्के असते. म्हणजे काहीच नसताना काहीतरी सापडण्याचीच शक्यता जास्त. तीच गत दर आठवड्याला डेटा उघडून बघण्याची, आलं का, नाही आलं, अजून दहा फॉर्म भरून घेऊ. असं पाचदा डोकावून बघितलं आणि जिथे आलं तिथे थांबलो तर वीसात एक म्हणून धरलेली चूक शंभरात चौदापर्यंत जाते, दहादा बघितलं तर एकोणीसच्या पुढे. मध्येच बघायचं असेल तर त्याची रीतसर पद्धत आहे, औषधांच्या चाचण्यांत वापरतात, पण तिथेही किती वेळा बघणार आणि प्रत्येक वेळी रेषा कुठे ठेवणार हे आधीच लिहावं लागतं.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं तारे मारणाऱ्यांनाच बोलणं बरोबर नाही. पी ०.०५ च्या वर आली की लगेच लिहितात, दोन्ही पद्धतींत फरक नाही असं सिद्ध झालं. कुठे सिद्ध झालं? मघाच्याच उदाहरणात फरक ४.६ मार्कांचा होता, मुलांच्या मार्कांचं प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीभोवती साधारण किती पसरलेत त्याचं माप, १० धरलं तर ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल, म्हणजे या आकड्यांशी जुळणाऱ्या फरकांचा पल्ला, साधारण उणे अर्ध्या मार्कापासून अधिक पावणेदहा मार्कांपर्यंत येतो. म्हणजे हे आकडे म्हणतायत की नवी पद्धत बहुतेक फायद्याची आहे, कदाचित खूप फायद्याची आहे, अगदीच काही नाही हेही अजून नाकारता येत नाही. याला फरक नाही असं कसं म्हणायचं? आणि मुळात ३०-३० मुलांत अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा फरक, म्हणजे इथे पाच मार्कांचा, आणि वर्गात पाच मार्क म्हणजे काही थोडे नाहीत, तो खराच असला तरी ०.०५ वर पकडायची शक्यता पन्नास टक्क्यांच्याही जरा आतच आहे. तो ८० टक्के वेळा सापडावा असं वाटत असेल तर दोन्हीकडे ६४-६४ मुलं लागतात. हा हिशोब शाळेत पाऊल टाकायच्या आधी पाच मिनिटांत होतो. वर्षभर राबून, मुलांचे तास घेऊन, शेवटी नाणं उडवल्याइतपतच खात्रीची चाचणी करायची याचं मला खरंच फार वाईट वाटतं, आणि कित्येक वेळा ३० हा आकडा निवडायचं कारण एवढंच असतं की आधीच्या प्रबंधात ३० होते.

उलट टोकाला मोठी सॅम्पल. दोन्ही गटांत एकेक लाख विद्यार्थी असले आणि १०० पैकी मार्कांत फरक फक्त ०.३ चा असला, प्रमाण विचलन १५ धरा, तरी पी व्हॅल्यू लाखात एकापेक्षाही खाली जाते. बातमी येईल "अत्यंत लक्षणीय फरक". तीन दशांश मार्कांसाठी कोणती शाळा आपली पद्धत बदलणार? म्हणून फरक केवढा हे त्याच्याच मापात सांगा, मार्क असतील तर मार्कांत, बीपी असेल तर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, वजन असेल तर किलोत, आणि सोबत अंतराल द्या.

चुका दोन प्रकारच्या असतात, नसलेला फरक दिसणं आणि असलेला फरक निसटणं, आणि एक कमी करायला गेलं की सॅम्पल न वाढवता दुसरी वाढतेच. हे जर्झी नेमन आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९२८ ते १९३३ या काळात मांडलं, आणि पुण्याशी याचं नातं आहे ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमधून पदवी घेऊन त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, १९३६ मध्ये पीएचडी झाले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत मोठं काम केलं आणि निवृत्तीनंतर पुण्यात येऊन राहिले. इथे त्यांचा आणि गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकरांचा कुपोषण कसं मोजायचं यावर मोठा वाद झाला. सुखात्मे म्हणायचे माणसाची गरज माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते, सरासरी गरजेची रेषा धरली तर धडधाकट माणसंही कुपोषित म्हणून मोजली जातील, म्हणून रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली घ्या. दांडेकरांना ते मान्य नव्हतं. रेषा वर ठेवली की ठीक असलेली माणसं कुपोषितांत येतात, खाली ठेवली की खरोखर उपाशी असलेली माणसं यादीतून गळतात, आणि यातली कुठली चूक जास्त महाग हे संख्याशास्त्र एकटं ठरवू शकत नाही. माझ्या मते त्या वादातली सगळ्यात चांगली गोष्ट ही की रेषा कुठे आणि का हे दोघांनी उघड छापून मांडलं, कोणालाही तपासता येईल असं. आज आपण ०.०५ घेतो तेव्हा का घेतो हे कोणी एका ओळीतही लिहीत नाही. नवीन औषध आणि वर्गात तक्ता कुठे लावायचा या दोन्हींना एकच रेषा कशी चालेल?

अजून एक हिशोब देते, हा पेपरवाल्यांनी खास बघावा. समजा १०० नव्या कल्पना तपासल्या आणि त्यातल्या १० खरोखर चालणाऱ्या आहेत. चाचणी चांगली, ८० टक्के वेळा पकडणारी असेल तर दहातल्या ८ सापडतील. उरलेल्या ९० मध्ये काहीच नाही, पण ५ टक्क्यांच्या हिशोबाने त्यातल्याही साडेचारांना तारा मिळेल. म्हणजे साडेबारा तारे, त्यातले साडेचार पोकळ, एक तृतीयांशाहून जास्त. आणि चाचणी त्या ३०-३० मुलांसारखी निम्म्या ताकदीची असेल तर खरे पाचाच्या आत आणि पोकळ साडेचार, जवळजवळ अर्धे अर्धे. तुमच्यापर्यंत बातमी येते ती या ताऱ्यांचीच येते, बाकीच्यांची प्रेसनोट कोण काढतो? म्हणून एकाच अभ्यासावर सिद्ध झालं म्हणायचं नाही, दुसऱ्या कोणी दुसरीकडे करून बघितलं का ते विचारायचं. आणि एखादं म्हणणं खरं असण्याची शक्यता थेट हवीच असेल तर आधी ते किती पटण्यासारखं होतं हेही हिशोबात घ्यावं लागतं, त्याचा वेगळा मार्ग आहे, केंब्रिजच्या हॅरॉल्ड जेफ्रीजने तो मोठ्या हिकमतीने मांडला आणि पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा करणारे व. शं. हुजूरबाजार हे जेफ्रीजचेच विद्यार्थी. म्हणजे या विषयाचे दोन्ही मोठे प्रवाह या शहरात पोचलेले आहेत, आणि तरी आपल्याच शहरातले प्रबंध अजून आधीच्या प्रबंधातलं चौथं, म्हणजे आकडेवारीचं, प्रकरण समोर ठेवून लिहिले जातात.

औषधांच्या बाबतीत यावर उपाय झालेला आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया जुलै २००७ मध्ये सुरू झाली, जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी तिथे नोंदणी सक्तीची केली, आणि एप्रिल २०१८ पासून तर पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. मुख्य मोजमाप काय, किती रुग्ण, गट कसे पाडणार, हे सगळं तारखेसकट तिथे कोणालाही बघता येतं. मग निकालात दुसरंच मोजमाप पुढे केलं असेल तर पकडता येतं. शिक्षण, व्यवस्थापन, समाजशास्त्र यात असं काही का नको? त्यासाठी मोठी यंत्रणाही लागत नाही. सिनॉप्सिस तर सगळ्यांना द्यावाच लागतो, त्यातच एक पान वाढवा: मुख्य प्रश्न एकच कोणता, केवढा फरक आला तर त्याला व्यवहारात किंमत आहे, त्यासाठी किती मुलं किंवा माणसं लागतील, गट कसे पाडणार, कोणती चाचणी, एका बाजूची का दोन, रेषा कुठे आणि का, कोणाला वगळणार. त्यावर गाईडची सही आणि तारीख, आणि ते पान प्रबंधाच्या शेवटी जसंच्या तसं छापायचं. नंतर काही बदलावं लागलं तर बदला, पण बदललं असं लिहा. आणि व्हायवाला बसणाऱ्यांनी टी आली का हे विचारण्याऐवजी ते पान उघडून विचारावं, पी ०.२ आली म्हणून कोणाचा प्रबंध अडता कामा नये, नीट आखलेल्या अभ्यासात काही सापडलं नाही हीसुद्धा माहितीच आहे, पुढच्याचे दोन वर्षांचे कष्ट वाचतात.

तुमच्याकडे मागणं त्याहून लहान आहे. अशी बातमी आली की तुमच्या वार्ताहराने चार गोष्टी विचारून दोन ओळींत छापाव्यात, माणसं किती होती, गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते का, फरक केवढा आणि त्याचा अंतराल काय, आणि हाच प्रश्न आधी लिहून ठेवला होता का. उत्तर मिळालं नाही तर मिळालं नाही असं छापा, वाचक समजून घेतील. २९ जूनला संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस सांख्यिकी दिन म्हणून असतो, तेव्हा दरवर्षी एखादा छोटा कॉलम येतो, त्या जागी या वर्षी तुमच्याच पेपरात आलेल्या एखाद्या "सिद्ध झालं" बातमीचं असं उलगडून दाखवणारं अर्धं पान देता आलं तर बघा. आकडेमोड तपासून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

आणि ज्या विद्यार्थ्यांचा सिनॉप्सिस अजून जायचाय त्यांना एवढंच, डेटा गोळा करून झाल्यावर येऊ नका, आत्ता या. आत्ता आलात तर तीसच्या जागी चौसष्ट का लागतील ते सांगता येईल, तुकड्या कशा पाडायच्या ते ठरवता येईल, शाळेने दोनच तुकड्या दिल्या तर प्रश्नच बदलून घेता येईल. नंतर आलात तर झालेलं काय होतं एवढंच सांगता येतं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे